डेव्ह पार्सन्सचा रेडिओ

हर्नडन, व्हर्जिनिया
सोमवार, सकाळचा चहा झाल्यावर

प्रिय आश्लेषा,

फोन करू नकोस म्हणाली होतीस. पत्राबद्दल काही म्हणाली नव्हतीस. मी एकतीस वर्षं काउंटीच्या पुलांची तपासणी केली आहे. नियमात जे लिहिलेलं नाही ते करायची मोकळीक असते, एवढं मला कळतं. तेव्हा हे पत्र. अक्षर लागलं नाही तर आईला विचार. तू तिला दर रविवारी फोन करतेसच, आणि ती तो कपड्यांच्या कपाटात उभी राहून घेते, मला ऐकू जाऊ नये म्हणून. कपाटाचं दार पातळ आहे हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

बातमी अशी की रेडिओची वाट लागली आहे. वाजतो अजून. त्याची लाकडी पेटी गेली. आता तू कपाळाला हात लावशील, पण आधी सगळं ऐकून घे, कारण यात माझी चूक फक्त सत्तर टक्के आहे. उरलेले तीस टक्के मी हळूहळू वाटून देणार आहे.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात नेहमीप्रमाणे तुळस घरात घेतली. दरवर्षी ती खिडकीजवळच्या स्टुलावर असते आणि कुंडीखाली ताटली ठेवायचं काम तुझं असतं. तू ती क्लाउडवाली कॉम्प्युटरची नोकरी सोडून ॲशव्हिलला गेलीस तरी पहिल्या वर्षी तिकडून फोन करून आठवण केली होतीस, ताटली ठेवली का म्हणून. मग दिवाळीत आपलं ते भांडण झालं. त्यानंतर हॉलमध्ये येता-जाता तो रेडिओ दिसायचा आणि रेडिओ दिसला की तू दिसायचीस. मला ते सहन होईना, म्हणून एक दिवस कुंडी उचलली आणि त्याच्या डोक्यावर ठेवून दिली. तुळशीआड काय आहे ते कोण बघतंय? रोज सकाळी आंघोळ करून मी भक्तिभावाने तुळशीला पाणी घालत होतो आणि ते पाणी भक्तिभावाने रेडिओत मुरत होतं. जन्मभर पुलाखाली वाकून पाणी कुठून झिरपतंय ते शोधणारा माणूस मी. माझ्याच हॉलमध्ये सहा महिने गळती चालू होती आणि मला पत्ता नाही. एप्रिलमध्ये तुळस बाहेर नेली तेव्हा खाली पुरीएवढं काळं वर्तुळ होतं आणि त्याच्या कडेने अक्रोडाच्या लाकडाचा वरचा पापुद्रा पापडासारखा फुगून वर आला होता.

एप्रिल ते जुलै मी त्यावर तुझ्या आत्याने विणलेला क्रोशाचा रुमाल टाकून ठेवला. ऑगस्टमध्ये आईने तो धुवायला काढला. त्या दिवशीचं सविस्तर लिहीत नाही.

तुला त्या रेडिओचं मोल मी सांगायला नको, पण लिहायला बसलोच आहे तर लिहितो. आम्ही दोघं इथे नवीन होतो तेव्हा गल्लीच्या टोकाच्या म्हाताऱ्या बाईंनी जुन्या सामानाचा गराज सेल लावला होता, त्यात मिळालेला तो. वयाने माझ्यापेक्षा मोठा. टीव्ही घ्यायच्या आधी वर्षभर मी त्यावर हवामानाच्या बातम्या ऐकून इथले उच्चार शिकलो. परिणाम असा झाला की ऑफिसात इतर कुठल्याही विषयावर माझी बोबडी वळायची, पण बर्फ किती इंच पडणार यावर मी अस्खलित बोलायचो. मग तू सात वर्षांची असताना घरात चेंडू खेळलीस, रेडिओ पडला आणि त्याचा खालचा उजवा कोपरा फुटला. तू रडलीस. मी ओरडलो. आणि मग आपण दोघांनी बसून भारतातून आणलेल्या फेव्हिकॉलने तो तुकडा चिकटवला. धरून ठेवायला काही नव्हतं, म्हणून आईच्या परकराची नाडी काढून पेटीभोवती करकचून बांधली. दोन दिवस तू शाळेतून आलीस की त्याच्यासमोर मांडी घालून बसायचीस, कोणी हात लावू नये म्हणून. नाडी सोडली तेव्हा सांधा दिसतही नव्हता, फक्त नाडीच्या विणीचा एक बारीक ठसा राहिला होता. मी तुला म्हणालो होतो की तुझा हात फार चांगला आहे. म्हणजे सुरुवात कोणी केली बघ. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी त्याच हाताने तू लाकडाचं काम करायचं ठरवलंस, तर मीच घर डोक्यावर घेतलं.

असो. आता दुरुस्ती.

तुला विचारायचं नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. लाकडाच्या खोक्याला पॉलिश करायला काय लागतं, असं माझं मत होतं. समोरच्या घरात राजेश म्हणून नागपूरचा एक मुलगा राहायला आला आहे, तुझी त्याची भेट नाही. कॉम्प्युटरवाला आहे, मनाने फार चांगला, आणि त्याच्या गराजमध्ये जगातलं प्रत्येक यंत्र खोक्यातून न काढलेल्या अवस्थेत आहे. तो म्हणाला, ‘काका, यार, सँडर आहे ना माझ्याकडे, दोन मिनिटांत स्मूथ करून टाकू.’ त्या घासायच्या यंत्राला दोन मिनिटं लागलीच नाहीत. चाळीस सेकंदांत काळं वर्तुळ गेलं, पापुद्रा गेला, आणि खालचं भलतंच पांढुरकं लाकूड वर आलं. तो अक्रोडाचा थर वहीच्या पुठ्ठ्याहूनही पातळ असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. राजेशने सँडर परत खोक्यात ठेवला. मग म्हणाला, ‘काका, इसका कुछ यूट्यूब पे होगा.’ धरून चाल, दहा टक्के त्याचे.

पांढऱ्या डागाला रंग द्यायचा म्हणून मी कडक चहा उकळून लावला. यूट्यूबवर तसं होतं. त्यात दूध घालायचं नसतं, हेही होतं, पण ते मी नंतर पाहिलं. सकाळचा उरलेला चहा होता, वाया कशाला घालवायचा? आठवडाभर गराजला उडप्याच्या हॉटेलाच्या मोरीचा वास येत होता. आई तिकडे जायचीच बंद झाली, त्यामुळे पुढची चूक रोखायला कोणीच उरलं नाही. तिचे दहा टक्के ते हेच.

पुढची चूक जरा मोठी आहे. चहाचा वास जाईना आणि लाकूड तर अगदी कोरडं, तहानलेलं दिसत होतं. आता कोरड्या वस्तूला आपल्याकडे काय लावतात? माझ्या डोक्याला, तुझ्या वेण्यांना, करकरणाऱ्या बिजागरीला आणि भाजलेल्या बोटाला या घरात आजवर एकच औषध लागलं आहे. मी खोबरेल तेलाची बाटली घेतली आणि सप्टेंबरातल्या एका छान उबदार दुपारी रेडिओला बसवून मालिश केली. खरं सांगतो, काय दिसत होता! बाळंतिणीच्या पोरासारखा चकचकीत. मी फोटो काढून इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला, पंचवीस अंगठे आले. त्या पंचवीस जणांचे मिळून उरलेले दहा टक्के.

मग ऑक्टोबर आला. एका सकाळी गराज उघडून बघतो तर रेडिओ पांढरा. लाकडाच्या रेषारेषांत तेल थिजून बसलं होतं. हेअर ड्रायर लावला की काळा व्हायचा, बंद केला की तासाभरात पुन्हा पांढरा. वर पॉलिशचा हात मारून पाहिला, तर ते तेलावर धरेचना. थेंब थेंब होऊन घरंगळून जायला लागलं. त्या दिवशी मी स्टुलावर बसलो आणि पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं की हे काम येतं असं माणसं उगाच म्हणत नसावीत. हे शिकायला वर्षं लागत असतील. माझी मुलगी ती वर्षं घालवत होती आणि मी लोकांना काय सांगत होतो?

काय सांगत होतो ते तुला माहीत आहे. गेल्या दिवाळीचा मंडळाचा कार्यक्रम, त्या शाळेचा कॅफेटेरिया. सुवर्णाकाकूंनी विचारलं, आश्लेषा काय करते सध्या? आणि मी म्हणालो, क्लाउडमध्येच आहे, आर्किटेक्ट झाली. तू मसालेभाताची ताटली घेऊन माझ्या पाठीमागे उभी होतीस. ताटली तशीच हातात घेऊन माझ्यामागे बाहेर आलीस. पार्किंग लॉटमध्ये म्हणालीस, ‘बाबा, मी काय करते ते तुला लोकांना सांगता येईल ना, त्या दिवशी फोन कर. तोपर्यंत नको.’ आणि रात्रीच्या जेवणालाही न थांबता सात तास ड्राइव्ह करत परत गेलीस. तुझी ताटली मी गाडीच्या टपावर विसरलो आणि तशीच गाडी घरी आणली. भात सगळ्या रस्ताभर सांडला असणार. त्या वर्षभरात मी फोन कितीदा हातात घेतला ते मोजलं नाही. पण कोणालाही खरं सांगितलं नव्हतं, मग फोन कुठल्या तोंडाने करणार?

आता ज्या गोष्टीसाठी मी गेली दोन पानं इकडेतिकडे फिरतो आहे, तिच्याकडे येतो. ऑक्टोबरच्या मध्यावर तुझ्या वर्कशॉपच्या वेबसाइटवर एका गिऱ्हाइकाने फॉर्म भरला. नाव डेव्ह पार्सन्स, राहणार उत्तर व्हर्जिनिया, निवृत्त. काम: जुन्या रेडिओची पेटी. आश्लेषा, तो डेव्ह पार्सन्स म्हणजे मी. पूर्ण खोटं बोललो असं मात्र म्हणू नकोस. ऑफिसात एकतीस वर्षं मला देवदत्त कोणी म्हणालं नाही, सगळे डेव्हच म्हणायचे. पारसनीसचं पार्सन्स तेवढं मी केलं. नवीन ईमेल राजेशने उघडून दिला आणि वेषांतर अगदी पक्कं आहे अशी आम्हा दोघांची खात्री होती.

फोटो पाठवताना मी काळजी घेतली होती. तो चिकटवलेला कोपरा तू ओळखशील, म्हणून त्याच्यावर हातरुमाल टाकला. तुझं उत्तर आलं: कृपया रुमाल काढून फोटो पाठवा. डेव्हने कळवलं की त्या कोपऱ्याला काहीही झालेलं नाही. तू लिहिलंस, बरं, मग बाकी काय वाटेल ते करा, पण त्या कोपऱ्याची दुरुस्ती जुनी आणि चांगली आहे, तिला हात लावू नका. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, काय नजर आहे पोरीची, रुमालाआडचंही कळतं!

मग तू विचारलंस की लाकडाला काय लावलं आहे. डेव्हने लिहिलं, एक नैसर्गिक वनस्पतिजन्य तेल, आधीच्या मालकाने लावलं होतं. तुझा उलटा प्रश्न: ते निळ्या बाटलीतलं होतं का? आता डेव्ह कितीही बनावट असला तरी प्रामाणिक माणूस आहे. त्याने हो लिहिलं. मला वाटलं, अमेरिकेतही लाकडाची तेलं निळ्या बाटलीत मिळत असतील. राजेशलाही तसंच वाटलं. स्पीकरची जाळी फाटली होती तिथे मी आईच्या ओटीत आलेला एक जांभळा ब्लाउजपीस लावला होता. तीन घरं फिरून आपल्याकडे आलेला, पुढे कोणाकडे तरी जाणार होताच. त्यावर तू लिहिलंस की कापड सुरेख आहे, जरीची कड वर येईल असं बसवा, आणि घरात विचारून घेतलंत ना? मी विचारलं नव्हतं. तुझा मेल वाचून मग विचारलं, आणि बरं झालं विचारलं, कारण तो सुवर्णाकाकूंना द्यायचा होता.

तुझे ते चार मेल मी छापून ठेवले आहेत. तेल कसं काढायचं ते तू पायऱ्या घालून लिहिलं आहेस: थिनरचं फडकं, मग कोरडं फडकं, मग एक दिवस थांबा, मग पुन्हा. प्रत्येक पायरीला थांबा. घाई करू नका. लाकूड स्वतःहून सांगतं, असं लिहिलंस. मी आयुष्यात भरपूर तांत्रिक अहवाल वाचले आणि लिहिले, पण इतकं स्वच्छ लिहिलेलं क्वचित पाहिलं. शेवटी तू म्हणालीस की उडालेल्या भागावर अक्रोडाचा नवा थर बसवावा लागेल, मग लाखेचं पॉलिश, आणि ते तुमच्या गराजमध्ये होणार नाही, रेडिओ घेऊन या. वेबसाइटवर तुझी वेटिंग लिस्ट चार महिन्यांची आहे. डेव्हला तीन आठवड्यांतली तारीख मिळाली. डेव्हला वाटलं, कोणीतरी कॅन्सल केलं असेल.

आता परवाच्या शनिवारचं सांगतो. पुन्हा मंडळाची दिवाळी, पुन्हा तोच कॅफेटेरिया. मी सुवर्णाकाकूंना स्वतःहून जाऊन गाठलं. त्या चकली खात होत्या, पळून जाण्यासारख्या अवस्थेत नव्हत्या. म्हणालो, गेल्या वर्षी मी तुम्हाला खोटं सांगितलं. आश्लेषाने नोकरी सोडून दोन वर्षं झाली. ती जुनं लाकडी सामान दुरुस्त करते, तिचं स्वतःचं वर्कशॉप आहे, तिच्याकडे चार महिन्यांची वेटिंग लिस्ट आहे, आणि ती हे काम करते याची मला लाज वाटत होती, आता त्या लाजेची लाज वाटते. मी हे जरा मोठ्याने म्हणालो असणार, कारण शेजारच्या टेबलावरचेही वळून बघायला लागले. मला वाटलं आता कोणीतरी हळहळेल. सुवर्णाकाकूंनी चकली संपवली आणि म्हणाल्या, ‘अहो, मग हे वर्षभर का नाही बोललात? माझ्या देव्हाऱ्याचा कळस शिपिंगमध्ये तुटलाय, इथे कोणी हात लावत नाही!’ त्यानंतर घरी निघेपर्यंत माझ्याकडे एक देव्हारा, दोन डुगडुगणारे पोळपाट, सासूबाईंचा एक पाट आणि कोणाचा तरी तबला एवढी कामं आली. तबल्याचं तुझ्याकडे होणार नाही असं मी परस्पर सांगितलं. बाकी सगळ्यांना फॉर्म भरायला सांगितलं आहे, खऱ्या नावाने.

म्हणजे तुझ्या अटीप्रमाणे आता मला फोन करता येतो. पण एक खोटं निस्तरलं तरी डेव्हचं शिल्लक होतं, आणि ते फोनवर सांगायचा धीर होईना. तू काय करतेस ते मी जगापासून लपवलं आणि मग मी कोण आहे ते तुझ्यापासून लपवलं. दोन्ही माझ्याच चुका. टक्केवारीचं वर लिहिलेलं सगळं खोडून टाक; पूर्ण शंभर माझे. मला माफ कर, आश्लेषा. तुझी फार आठवण येते.

आणि आता हे पत्र आजच का, ते. या शनिवारी सकाळी दहाला डेव्ह पार्सन्सची अपॉइंटमेंट आहे. तू दार उघडशील आणि समोर मी दिसेन, तर तुला धक्का बसेल, म्हणून आधी कळवावं, एवढ्यासाठी मी काल लिहायला बसणार होतो. पोस्टात आत्ताच फोन केला, तिथली बाई म्हणाली, आज टाकलं तर गुरुवारपर्यंत पोचेल. तुला नको असेल तर आईला तसा मेसेज कर, मी रेडिओ राजेशबरोबर पाठवीन आणि मनात काही ठेवणार नाही. पण काल रात्री पत्ता उतरवून घ्यायला तुझा शेवटचा मेल पुन्हा उघडला आणि त्यातली शेवटची ओळ नीट वाचली. आधी वाचली होती, पण पत्त्याच्या नादात. तू लिहिलं आहेस: मिस्टर पार्सन्स, सात तास एका दमात ड्राइव्ह करू नका, दर तासाला थांबून डावा गुडघा मोकळा करा, आणि बीपीची गोळी निघायच्या आधी घ्या. डेव्हने तुला गुडघ्याचं कधी कळवलं नव्हतं. गोळीचं तर नाहीच. मी ती ओळ आईला दाखवली, तर ती कपाटात जाऊन हसत बसली. तेव्हा दारात कोण येणार आहे ते तुला पहिल्या फोटोपासून माहीत होतं, आणि तरीही तू तारीख कॅन्सल केली नाहीस. मी शनिवारी येतो आहे. रेडिओ मागच्या सीटवर पट्टा लावून बसवणार आहे, कोपऱ्यावर रुमाल नाही. आणि या वर्षी तुळस स्टुलावर आहे, खाली ताटली घालून.

तुझाच,
देवदत्त पारसनीस, म्हणजे बाबा